तिसऱ्या रविवारची चौकडी

बॅलरॅट,
२० मे १९९७

प्रिय एल्सी,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही पोचले. मोजे पायात घालूनच लिहायला बसले आहे. यंदा मे महिन्यातच सकाळी गवत पांढरं दिसायला लागलंय आणि नळाचं पाणी हाताला चावतं. तुमच्याकडे होबार्टला याहून वाईट असणार, पण तुम्ही तस्मानियाची माणसं थंडीची तक्रार करणं कमीपणाचं मानता, म्हणून विचारत नाही. गुडघा कसा आहे ते मात्र विचारते. डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणतोय तर करून टाक. गुडघ्याशी कसला आलाय मानापमान?

परवा महिन्याचा तिसरा रविवार होता. वॅरिनूक हाउसच्या जुन्या हवेलीत आमच्या चार वादकांच्या चौकडीचा मोसम सुरू झाला. बॉलरूम भरली होती. डावीकडची शेकोटी नेहमीप्रमाणे धुमसली, आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या आमच्या वादनाने रडल्या की धुराने, हे दरवर्षीप्रमाणे यंदाही ठरलं नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्ष लॉर्ना पेटिग्रूबाई त्यांचा फरचा कोट घालून आल्या होत्या. बाई आत शिरल्या की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मग बाई येतात.

संथ भाग सुरू झाला आणि काकाकुव्यांचा एक थवा छपरावर उतरला. कोणाच्या तरी गळ्यावर सुरी फिरत असल्यासारखे ओरडत होते मेले. आम्ही आपले वाजवतोय. तिबोरने चेलो न थांबवता वर बघितलं आणि हंगेरियनमध्ये काहीतरी पुटपुटला. मला त्याच्या शिव्या आता ओळखू येतात. पहिल्या रांगेतल्या मिसेस डॉबीला मात्र ती प्रार्थना वाटली. मध्यंतरात ती त्याचे हात धरून म्हणाली, "किती मनापासून वाजवता हो तुम्ही." तिबोरनेही नम्रपणे मान झुकवली.

मर्व्हच्या खांद्याने राजीनामा दिल्यापासून दुसऱ्या व्हायोलिनवर सास्किया आहे, हे तुला ठाऊक आहेच. वाजवते चांगली. तिच्याबद्दल याहून जास्त लिहायला माझ्याकडे काही नाही.

पहिल्या व्हायोलिनवर डंकन बरा दिसला. त्याने नवीन शर्ट घातला होता.

तुझ्या बागेतल्या फुलांची बियाणं पाठवशील का? पुढच्या दाराजवळची जागा मोकळी झालीय. डंकनची सायकल असायची तिथे.

तुझी,
नेरिडा

ता. क. यापुढे पाकिटावर माझ्या एकटीचंच नाव घाल. त्याला काही कळवायचं असेल तर वेगळं लिही. पत्ता त्याचा तोच देईल.


बॅलरॅट,
१८ जून १९९७

प्रिय एल्सी,

तर कळलं तुला.

त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा ओव्हनमध्ये केक आहे म्हणून मी तो घाईने ठेवला. केक नव्हता. तुझा आवाज त्याच्यासारखा आहे, वाक्य संपताना तसाच खाली उतरतो, आणि त्या क्षणी मला तो सहन होईना. राग मानू नकोस. कागदावर तू फक्त तू असतेस, म्हणून लिहिते.

तुला त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून माझ्या बाजूचं ऐक. एप्रिलमध्ये मी जॅम ढवळत उभी होते. तो दारात आला आणि म्हणाला, "नेरी, तू समजूतदार आहेस."

"नाही," मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?"

मग त्याने सांगितलं. सास्किया आणि तो. गेल्या मोसमापासून. जॅम करपला. पातेलं घासायलासुद्धा थांबला नाही तुझा भाऊ. सव्वीस वर्षांचा संसार असा दोन सुटकेसमध्ये भरून गेला, आणि वर निघताना मला विचारतो, इस्त्री कुठे ठेवलीय.

हे सगळं मी गिळलं असतं, एल्सी. गिळलंच. बायकांना नवरे सोडून जातात, मी काही जगावेगळी नाही. पण आठवड्याने तो परत आला तो वेगळ्याच कामासाठी. खुर्चीवर बसला नाही, कोटही काढला नाही.

"वॅरिनूकचं मी बघतो. तुझ्या जागी मेलबर्नचा एक मुलगा आहे, व्हायोला छान वाजवतो. त्याच्याशी बोललोय मी. तुला उगाच अवघडल्यासारखं व्हायला नको."

"मला कुठे अवघडतंय? खुर्ची माझ्या सवयीची आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तुला म्हणतील, डंकन. मी नुसती ऐकेन."

तो गेला. मी दार लावलं आणि माझा व्हायोला काढला, व्हायोलिनचा तो घोगरा थोरला भाऊ. दोन तास नुसत्या सरगमा घासल्या. शेजारच्या कुत्र्याने मला साथ दिली.

तू लिहितेस, स्वतःचा मान राख, निघ तिथून, थोडे दिवस माझ्याकडे ये. एल्सी, तुझं मन मला कळतं. पण मान राखायचा तर मान खाली घालून निघून जायचं, हे कुठलं शास्त्र? चूक त्याची, आणि उठायचं मी? कानामागून आली ती तिखट झाली, ठीक आहे, होऊ दे. माझ्या खुर्चीपर्यंत तिचा तिखटपणा पोचणार नाही.

आता तुला वाटेल, ही किती मोठं बोलते. तर खरंही सांगते. आमच्या बसण्याची पद्धत तुला माहीत आहे. दोन व्हायोलिनं शेजारी शेजारी, मग तिबोर, आणि टोकाला मी, डंकनच्या बरोबर समोर. चौघांत पुढारी कुणी नाही, हातवारे करून सांगणारं कुणी नाही. पहिलं व्हायोलिन श्वास घेतं, आणि त्या श्वासावर चौघं एकदम सुरू होतो. म्हणजे मला दर तिसऱ्या रविवारी, आणि मधल्या प्रत्येक सरावाला, त्याच्या छातीकडे बघत बसावं लागतं. तो श्वास घेतो आणि माझाही श्वास आपोआप आत जातो. सव्वीस वर्षांत फुप्फुसांना सवय झालीय, त्यांना कुणी काही कळवलेलं नाही. या रविवारी मला त्याचा इतका राग आला होता, आणि तरी पहिला सूर लागला तेव्हा आम्ही असे एक होतो की मला वाटलं, उठावं आणि व्हायोला त्याच्या डोक्यात घालावा.

घातला नाही. महागाचा आहे.

गावातल्या बायका ओव्हनमध्ये शिजवलेली कॅसरोलची भांडी घेऊन येतायत. फ्रीज भरला. कालच्या बाईला मी विचारलं, "कोण वारलंय?" ती गोरीमोरी झाली. पण भांडं ठेवून गेली. चांगलं होतं, मटण घातलेलं.

गुडघ्याचं काय ठरलं? टाळू नकोस.

तुझी,
नेरिडा


बॅलरॅट,
२३ जुलै १९९७

प्रिय एल्सी,

शस्त्रक्रियेची तारीख ठरली हे वाचून बरं वाटलं. दवाखान्यात वाचायला दोन गुन्हेगारी कादंबऱ्या पाठवते आहे. दुसरीत खुनी कोण ते पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, तेव्हा ते पान उघडू नकोस.

आता लढाईची बातमी.

लॉर्नाबाई घरी आल्या. फरच्या कोटासकट. माझ्या कोचावर बसल्या, चहाला नको म्हणाल्या, मग दोन कप प्यायल्या. समितीला पुढच्या वर्षीच्या मोसमाचं ठरवायचंय म्हणाल्या. डंकनने अर्ज दिलाय. पुढच्या वर्षीपासून बॉलरूम त्याच्या नव्या चौकडीला द्यावी. नाव 'लेडलॉ चौकडी'. पहिलं व्हायोलिन तो, दुसरं ती, व्हायोला मेलबर्नचा तो मुलगा, आणि चेलोवर तिबोर राहील असं त्याने तिबोरला न विचारताच लिहून दिलंय. समिती सप्टेंबरच्या शेवटच्या कार्यक्रमानंतर, चहाच्या वेळी निर्णय सांगणार.

"राग मानू नकोस गं नेरिडा," बाई म्हणाल्या, "पण लोक संगीत ऐकायला येतात. त्यांना तुमच्याकडे बघत बसायचं नसतं."

"मग डोळे मिटावेत त्यांनी. अर्धे तसेही मिटतातच."

"तू हे फार मनाला लावून घेतेयस."

"मनाला लावून घेतल्याशिवाय व्हायोला वाजत नाही, लॉर्ना. बिस्किट घ्या."

एल्सी, तू त्या वेळी लंडनला होतीस, म्हणून तुला हे सगळं ठाऊक नाही. आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा वॅरिनूकच्या बॉलरूममध्ये गवताच्या गंज्या रचलेल्या होत्या आणि एक मेंढी वीत होती. घराच्या मालकिणीला कोण भेटलं? मी. भिंती कुणी खरवडल्या? मी आणि मर्व्हच्या बायकोने. डंकन म्हणाला होता, "इथे कोण येणार ऐकायला? मेंढ्या?" पहिल्या रविवारी अकरा माणसं आली, त्यातली तीन मालकिणीच्या घरातली. चौकडीचं नाव 'वॅरिनूक' ठेवायचं मीच सुचवलं, कारण माणसाचं नाव दिलं की माणूस गेल्यावर उरत काही नाही. आज त्याला तिथे आपलं आडनाव लावायचंय. त्या भिंतीवर एकदा तरी ब्रश फिरवला असता तर मी म्हटलं असतं, लाव बाबा.

मी तिबोरकडे गेले. तो बागेत कोबीवरच्या अळ्या वेचत होता. अर्जाचं सांगितलं तर एक अळी बोटांत धरून बराच वेळ बघत राहिला.

"मला विचारलं नाही त्याने."

"नाही."

"मला वाटलं होतं, मी यात पडायचं नाही. पोरी, मी चेलो वाजवतो, घटस्फोट वाजवत नाही. पण मला टेबलखुर्चीसारखा त्या यादीत मांडतो म्हणजे काय?" मग ती अळी त्याने डब्यात टाकली. "हे बघ. तू बसलीस तर मी बसेन. तू उठलीस तर मी कोबी लावेन."

तेव्हा बसायला हवंच. कोबी मला आवडत नाही.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी मात्र मी दोन दिवस भांडते आहे. तू लिहितेस, "तो वाईट नवरा असेल, पण नेरिडा, एवढं तरी मान्य कर की तो फार मोठा वादक आहे. मी त्याला लहानपणापासून ऐकते आहे, तो कधीही चुकत नाही. त्याला त्याचं काम नीट करू दे."

मोठा वादक आहे. मान्य. मी त्याच्या प्रेमात पडले ती त्याच्या तोंडाकडे बघून नव्हे, तो वाजवताना. आजही तो वरच्या सुरावर जाऊन थांबतो तेव्हा मी कागदावरची नजर काढून त्याच्याकडे बघते. हे मी तुला सोडून कुणाला सांगणार नाही, आणि तूही त्याला सांगू नकोस.

पण तो कधीही चुकत नाही, हे जे तुला वाटतं ना,

जाऊ दे. तू आजारी आहेस. तुझ्या भावाबद्दल तुला आता काही ऐकवायचं नाही मला.

तू आणखी लिहितेस की तुला दोघांतून एकाची निवड करायला लावू नये. कुणी लावलीय? मी माझ्या खुर्चीसाठी भांडतेय, तुझ्यासाठी नाही. बरी हो.

तुझी,
नेरिडा


बॅलरॅट,
२३ सप्टेंबर १९९७

प्रिय एल्सी,

ऑगस्टमध्ये लिहिलं नाही. तापाने झोपले होते, आणि खरं सांगायचं तर मागच्या पत्रातलं ते अर्धं वाक्य घशात अडकलं होतं. आता तू काठी टेकत चालायला लागलीस म्हणतेस, तेव्हा पुरं करते. बसून वाच.

परवाचा कार्यक्रम. मोसमातला शेवटचा. बाहेर वॅटलची झाडं पिवळीधमक झालीत आणि बॉलरूमच्या खिडक्या यंदा पहिल्यांदाच उघड्या ठेवल्या होत्या. मागे माणसं उभी होती. त्या दिवशी निर्णय सांगणार हे गावाला कळलं होतं, लपतंय कुठे? मी माझा निळा झगा घातला. डंकनला तो कधीच आवडला नव्हता.

शेवटची रचना मोठी होती. अशा रचनेत पहिला मोठा तुकडा संपला की कागदावर दोन ठिपके असतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून वाजवा. वाजवायचं की नाही हे वादकांनी आधी ठरवायचं असतं. सरावात डंकनने ठरवलं, नाही वाजवायचं. कार्यक्रम लांबतो, चहाबरोबर खायचे लॉर्नाबाईंचे स्कोन गार होतात. आमच्या चौघांच्या कागदांवर त्याने स्वतःच्या हाताने त्या ठिपक्यांवर काट मारली. "सरळ पुढे," म्हणाला.

आता ते अर्धं वाक्य. तुझा भाऊ चुकतो, एल्सी. एकाच प्रकारे, आणि तो सर्वांत सुंदर वाजवत असतो नेमका तेव्हाच. रंगून गेला की ठरलेलं विसरतो आणि त्या ठिपक्यांपाशी मागे वळतो. एखादी म्हातारी नव्या घरी राहायला गेली तरी पाय जुन्या गल्लीकडे वळतात, तसं. मला ते आधी दिसतं. त्याचा गज कुठल्या तारेकडे निघालाय ते बघून मला कळतं की हा चाललाय मागे. मग मीही मागे वळते. तिबोर माझ्याकडे बघत असतो, तो माझ्यामागे. मर्व्ह तिबोरमागे. चौघं मागे गेलो की ती चूक उरत नाही, ऐकणाऱ्याला ते ठरवूनच केल्यासारखं वाटतं. किती वेळा झालं हे, मी मोजलं नाही. मेलबर्नच्या वर्तमानपत्राने लिहिलं होतं, लेडलॉंचा हात कधी चुकत नाही. ते कात्रण तुझ्या घरात चौकटीत लावलेलं आहे. मी तुझ्याकडे आले की त्याच्याकडे पाठ करून बसते.

आणि त्याला हे ठाऊक होतं. हे मला सर्वांत जास्त लागलं, सास्कियाचंसुद्धा इतकं लागलं नाही. सव्वीस वर्षांत एकदाही, घरी परतताना गाडीत, स्वयंपाकघरात, कुठेही, तो म्हणाला नाही की आज तू मला सांभाळलंस.

तर परवा. तो फार सुंदर वाजवत होता. इतका सुंदर की मी रागावणंही विसरले. आणि ठिपके जवळ आले तसा मला त्याचा गज दिसला. चालला होता मागे.

सास्कियाला यातलं काही माहीत नाही. तिने कागदावर काट बघितली होती, ती सरळ पुढे निघाली. तिची चूक नव्हती. ती पुढे, हा मागे, आणि तिबोर माझ्याकडे बघतोय. विचार करायला वेळ नसतो गं. पण मला विचार करावाच लागला नाही. मी त्याच्यामागे गेले नाही. मी पुढे गेले, आणि हळूच नाही, माझ्या त्या घोगऱ्या व्हायोलात जेवढा आवाज आहे तेवढा सगळा काढून गेले. तिबोर माझ्याबरोबर आला. आम्ही तिघं पुढे, आणि तुझा भाऊ एकटा मागे, सुरुवातीचे सूर वाजवत.

त्याचा चेहरा पांढरा पडला. शेजारी ती होती, पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी त्याला एक क्षण तसंच राहू दिलं. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला बरं वाटलं. मग त्याला परत आमच्यात शिरता येईल अशी जागा आली तेव्हा मी मान वर केली आणि श्वास घेतला, मोठा, मागच्या रांगेला ऐकू जाईल असा. तो त्या श्वासावर आत आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या श्वासावर आला, आणि मग शेवटपर्यंत माझ्याकडे बघत वाजवत राहिला.

टाळ्या थांबेनात. आम्ही लायब्ररीत गेलो, वाद्यं तिथे ठेवतो. सास्किया रडत होती. "मी चुकले का? माझंच काहीतरी चुकलं का?"

"तू बरोबर होतीस," मी म्हटलं. "डोळे पूस, बाहेर चहा आहे."

ती गेल्यावर तो म्हणाला, "मी मागे गेलो ते तुला दिसलं होतं."

"हो."

"मग आली का नाहीस?"

ऐकलंस? असं विचारलं त्याने. घराचा हप्ता का भरला नाहीस विचारावं तसं.

"मागे जायचं नाही असं तूच ठरवलं होतंस," मी म्हटलं. "मी ठरलेलं पाळलं. तुझ्या मागे येणं हे माझं काम होतं तेव्हा मी ते केलं, डंकन, आणि तू एकदाही बोलला नाहीस. आता ते काम मी सोडलंय. खुर्ची सोडलेली नाही."

तो गजाचा स्क्रू सैल करत उभा राहिला. तिबोर कोपऱ्यात चेलो पुसत होता. तो म्हणाला, "स्कोन संपतील हं," आणि आम्ही बाहेर गेलो.

बाहेर समिती ओळीत उभी होती. लॉर्नाबाईंनी डंकनचा हात धरला. "मध्ये तू एकटाच वेगळं वाजवत होतास ना, आणि ते तिघं वेगळं? अहाहा! फारच सुंदर वाटलं ते. मिसेस डॉबी तर रडली."

आता बघ. एवढंच होतं. त्याने हसून मान हलवली असती तर झालं असतं. बॉलरूम त्याची झाली असती. मी तोंड उघडलं असतं तर टाकलेली बायको कटकट करते असंच दिसलं असतं. म्हणून मी कपात साखर ढवळत राहिले. मी साखर घेत नाही.

तो म्हणाला, "ती चूक होती, लॉर्ना. माझी. मी रस्ता चुकलो होतो. नेरिडाने मला परत आणलं." मग थांबला. "आजच नाही. नेहमीच तिने आणलंय."

लॉर्नाबाईंनी त्याचा हात सोडला. मिसेस डॉबी तेवढी म्हणाली, "तरी छानच वाटलं बाई."

एल्सी, मी साखर ढवळायची थांबले. हे ऐकायला मी सव्वीस वर्षं थांबले होते आणि ते आलं ते स्कोनच्या ताटासमोर, सगळ्या गावादेखत, आणि मी त्याची बायको उरले नसताना. वाईट वाटलं. त्याच्यासाठी वाटलं, माझ्यासाठी वाटलं. जाऊन त्याचा हात धरावा असंही वाटलं. पण खुर्ची परत देण्याइतकं वाईट वाटलं नाही.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "समितीला निर्णय सांगायचाय, त्याआधी माझा ऐका. पुढच्या मे महिन्यात, तिसऱ्या रविवारी, याच खोलीत वॅरिनूक चौकडी वाजवणार. व्हायोलावर मी आहे, चेलोवर तिबोर आहे. दोन व्हायोलिनं मी शोधेन. तुम्ही खोली दिली नाहीत तर आम्ही बाहेर हिरवळीवर बसू, आणि काकाकुवे धरून सगळं गाव तिथे येईल. खिडक्या बंद करून तुम्हाला हवं ते आत ऐका."

"हिरवळीवर माझ्या चेलोला सर्दी होते," तिबोर म्हणाला, "पण बसेन."

लॉर्नाबाईंनी डंकनकडे बघितलं. त्याने सांगितलं, अर्ज मागे घेतो. मग बाईंनी समितीकडे बघितलं, समितीने स्कोनकडे, आणि खोली आम्हाला मिळाली. असं झालं. ते दोघं मेलबर्नला जाणार म्हणे. तिथे त्याला काम मिळेल, तो खरोखर मोठा वादक आहे. मी सास्कियाला जाताना सांगितलं की ठिपक्यांपाशी त्याच्या गजाकडे लक्ष ठेव. ती 'हो' म्हणाली. तिला कितपत कळलं कोण जाणे. पुढचं तिचं ती बघेल.

आज सकाळी मी एकटीने सराव केला. श्वास कुणाचा घ्यायचा हे सुरुवातीला कळेना, मग स्वतःचाच घेतला. जरा कमी पडला. होईल सवय.

आता तुझ्याबद्दल. तू विचारलंस, यापुढे आपण एकमेकींना काय म्हणायचं, कागदोपत्री नातं उरलं नाही तर. तुला कात्रणाबद्दल सांगितलं म्हणून तू रागावशील, आठ दिवस लिहिणार नाहीस, मग लिहिशील. तो तुझा भाऊ आहे, त्याला जेवायला बोलाव, त्याची बाजू घे, माझ्याबद्दल हवं ते बोला. मला चालेल. पण मे महिन्यात गुडघा घेऊन इकडे ये, पहिल्या रांगेत धुराच्या बाजूला बस, आणि समोर त्याच्या जागी दुसरं कुणी बसलेलं असेल ते डोळे उघडे ठेवून बघ.

तुझ्या भावाची मी आता कुणी नाही. तुझी आहे. ते काढून घ्यायला कुठलंही कोर्ट बसलं तरी मी उठणार नाही.

नेरिडा